गाळातले प्लवक आणि हिमयुगांचा माग

खोल समुद्राच्या तळावरचा गाळ बराचसा प्लवकांच्या कवचांचा बनलेला असतो. पाण्याच्या वरच्या थरांत प्रवाहाबरोबर वाहत राहणारे हे सूक्ष्म जीव मेले की त्यांची कवचे खाली जातात आणि लाखो वर्षे तेथेच साचत राहतात. फोरॅमिनिफेरा हे एकपेशीय जीव आणि कोकोलिथ तयार करणारी शैवले यांची कवचे चुन्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची असतात. रेडिओलॅरिया आणि डायटम यांची सिलिकेची. डायनोफ्लॅजेलेट गटातल्या काही जाती विश्रांतीच्या अवस्थेत चिवट सेंद्रिय कोश तयार करतात, तेही गाळात टिकतात. प्रत्येक जातीला मानवणारे पाणी वेगळे: कुणाला ध्रुवाजवळचे गार, कुणाला विषुववृत्तावरचे कोमट, कुणाला पोषकद्रव्यांनी भरलेले. हवामान बदलले की जातींच्या हद्दी सरकतात आणि त्या सरकण्याची नोंद गाळात राहते.

तत्त्व सोपे आहे. व्यवहारात मात्र ते पुनःपुन्हा फसवे ठरले. एखादी जात गाळाच्या एका थरातून नाहीशी झाली तर त्या काळी पाणी गार झाले असेल. किंवा पाणी तेवढेच ऊबदार राहून त्यातले अन्न आटले असेल. किंवा कवच तळावर पोचून विरघळले असेल. किंवा ती जात ज्या वाटेने त्या समुद्रात येत होती ती वाटच बंद झाली असेल. गेल्या दीडशे वर्षांत या शक्यता एकेक करून पुढे आल्या, आणि प्रत्येक पुढे आली ती आधीचा निष्कर्ष कुठेतरी अडल्यामुळेच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास अटलांटिकच्या तळावर तारायंत्राची तार टाकण्यासाठी खोली मोजण्याचे काम सुरू झाले, तेव्हा वर आलेल्या चिखलात ग्लोबिजेरिना नावाच्या फोरॅमिनिफेराची कवचे विपुल सापडू लागली. हे जीव तळावरच राहतात की वरून पडतात, यावर बराच वाद झाला. १८७२ ते १८७६ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा केलेल्या ब्रिटिश ‘चॅलेंजर’ मोहिमेचे शास्त्रीय प्रमुख वायव्हिल थॉमसन हे ‘तळावरच’ म्हणणाऱ्यांपैकी होते. त्यांच्याच हाताखालच्या जॉन मरे यांनी पृष्ठभागाजवळ बारीक जाळी ओढून हे जीव जिवंत पकडले. जाळ्यात येणाऱ्या जाती आणि त्याच ठिकाणच्या तळावर मिळणाऱ्या जाती जुळतात, हेही त्यांनी दाखवले. थॉमसन यांनी आपले मत सोडून दिले.

मरे यांनी पुढे आल्फोन्स रेनार यांच्यासह १८९१ मध्ये खोल समुद्रातील निक्षेपांवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. उष्ण कटिबंधात प्लवक फोरॅमिनिफेरांच्या जाती पुष्कळ आणि आकाराने मोठ्या, ध्रुवांकडे मोजक्या आणि लहान. तळावरची कवचेही याच पट्ट्यांत वाटली गेलेली. म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावरचे हवामान तळावर उमटते, हे त्या शतकाच्या अखेरीस पक्के झाले होते. त्याच मोहिमेने दुसरी गोष्टही दाखवली. एका मर्यादेपलीकडच्या खोलीत कवचे दिसेनाशी होतात आणि नुसती तांबडी माती उरते. वरच्या पाण्यात जीव भरपूर असूनही तळावर काही नाही, कारण खोलवरचे थंड, दाबाखालचे पाणी चुना विरघळवते. १९६०च्या दशकाच्या अखेरीस वोल्फगांग बर्गर यांनी कोणत्या जातीचे कवच आधी विरघळते आणि कोणत्या जातीचे शेवटपर्यंत तग धरते, याचा क्रम लावला. पातळ, काटेरी कवचे आधी जातात. जाड कवचे मागे राहतात. अर्धवट विरघळलेल्या गाळात त्यामुळे जातींची टक्केवारी मुळातच चुकीची असते, आणि ती चूक वरवर पाहता हवामानबदलासारखी दिसते.

हवामानाचा काळाच्या ओघातला बदल गाळात दिसतो, हे प्रथम जर्मन ‘मेटेऑर’ मोहिमेच्या (१९२५ ते १९२७) नमुन्यांवरून कळले. खोल समुद्रात गाळ साचण्याचा वेग हजार वर्षांना काही सेंटिमीटर इतका मंद असतो. तळात पोकळ नळी रोवून गाळाचा जो उभा दंडगोल काढतात, त्याला गाभा म्हणतात. ‘मेटेऑर’ने काढलेले गाभे जेमतेम मीटरभर, पण तेवढ्यातही हजारो वर्षे सामावलेली होती. वोल्फगांग शॉट यांनी १९३५ मध्ये विषुववृत्तीय अटलांटिकमधल्या गाभ्यांचे निष्कर्ष मांडले. अगदी वरच्या थरात ग्लोबोरोटालिया मेनार्डी ही उष्ण पाण्यातली जात आहे; त्याखालच्या थरात ती नाही; त्याहून खाली ती पुन्हा आहे. शॉट यांनी याचा अर्थ लावला तो असा: वरचा थर हिमकाल सरल्यानंतरचा, मधला शेवटच्या हिमकालाचा, खालचा त्याआधीच्या उबदार काळाचा. एका जातीच्या असण्यानसण्यावरून समुद्रातले हिमयुग ओळखण्याची ही सुरुवात होती, आणि ती जात पुढची चाळीस वर्षे वादाच्या केंद्रस्थानी राहिली.

मीटरभर गाळाने फार मागे जाता येत नव्हते. नळी जोरात रोवली की आतला गाळ दाबला जाऊन अडतो, ही अडचण होती. स्वीडनच्या बर्ये कुलेनबेर्ग यांनी नळीच्या आत दट्ट्या बसवला. नळी खाली घुसताना दट्ट्या गाळाच्या पातळीवरच थांबतो आणि पाण्याचा दाब गाळाला नळीत चढवतो. या साधनाने दहा मीटर आणि त्याहून लांब गाभे निघू लागले. १९४७-४८ मध्ये हान्स पेटरसन यांच्या नेतृत्वाखालील ‘अल्बट्रॉस’ मोहिमेने ते जगभर वापरले. न्यूयॉर्कजवळच्या लॅमॉन्ट वेधशाळेचे मॉरिस यूइंग यांनी आपल्या ‘व्हेमा’ या शिडाच्या जहाजाला दंडकच घालून दिला होता: जहाज कुठेही असो, रोज एक गाभा. कोणत्या गाभ्याचा उपयोग काय, हे ठरवायची वाट न पाहता त्यांनी साठा केला. पुढच्या पिढीचे बहुतेक शोध त्या साठ्यातूनच निघाले.

साठ्यातल्या गाभ्यांचा अभ्यास हे डोळ्यांचे आणि धीराचे काम आहे. ठरावीक अंतरावरून काढलेला चमचाभर गाळ पाण्यात भिजवून बारीक चाळणीवर धुतात. चिकणमाती आणि कोकोलिथ वाहून जातात. चाळणीवर वाळूसारखे दिसणारे पांढरट कण उरतात, ती फोरॅमिनिफेरांची कवचे. ती वाळवतात, नमुना निम्मा-निम्मा करत लहान करतात आणि चौकटी आखलेल्या काळ्या तबकात पसरतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली, ओल्या कुंचल्याच्या टोकाने, एकेक कवच जातवार वेगळे करतात. सुमारे ३०० कवचे मोजली की टक्केवारी भरवशाची मानली जाते. मेनार्डी ओळखायला सोपी: चपटी, कडेला जाड किनार असलेली, पूर्ण वाढलेली असेल तर नुसत्या डोळ्यांनाही ठिपक्याएवढी दिसणारी. पॅकिडर्मा ही ध्रुवीय जात लहान, आखूड आणि जाड सालीची. तिचे कप्पे एकमेकांत दाबून बसलेले असतात.

लॅमॉन्टमध्ये डेव्हिड एरिकसन यांनी गस्टा वोलिन यांच्याबरोबर शेकडो गाभ्यांमध्ये मेनार्डी शोधली. ती असलेल्या आणि नसलेल्या थरांना वरून खाली झेड, वाय, एक्स अशी उलट्या क्रमाने अक्षरे दिली. १९५९ मध्ये एरिकसन यांनी पॅकिडर्माबद्दल वेगळेच काही दाखवले. या जातीची कवचे काही डावीकडे वळणारी असतात, काही उजवीकडे. अतिथंड पाण्यात जवळजवळ सगळी डावी, किंचित उबदार पाण्यात उजवी. वळणाच्या दिशेवरून तापमान सांगणारी ही खूण उत्तर अटलांटिकमध्ये इतकी उपयोगी पडली की कारण माहीत नसतानाही सगळे ती वापरू लागले. कारण पुढे जनुकीय अभ्यासातून कळले: डावी आणि उजवी या मुळात दोन निराळ्या जाती आहेत. उजव्या वळणाचीला आता इनकॉम्प्टा म्हणतात.

मधल्या काळात एक वेगळी पद्धत आली होती. हॅरल्ड यूरी यांनी १९४७ मध्ये दाखवले की पाण्यात तयार होणाऱ्या चुन्यात ऑक्सिजनच्या जड आणि हलक्या समस्थानिकांचे प्रमाण तापमानावर अवलंबून असते. यूरी यांच्या शिकागोच्या प्रयोगशाळेतले चेझारे एमिलियानी यांनी ही मोजणी खोल समुद्रातल्या फोरॅमिनिफेरांवर केली आणि १९५५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तापमान एकसारखे वरखाली झालेले दिसत होते. उबदार टप्प्यांना विषम आणि गार टप्प्यांना सम क्रमांक दिले गेले. ते आजही चालतात. कॅरिबियन आणि विषुववृत्तीय अटलांटिकचे पाणी हिमकालात सुमारे ६ अंश सेल्सियसने गार झाले, असे एमिलियानी यांचे म्हणणे होते.

इथे एरिकसन आणि एमिलियानी यांचे जुळेना. समस्थानिक ज्यांना गार ठरवत होते अशा काही थरांत मेनार्डी सुखेनैव नांदताना दिसत होती. दोघांचे गाभे एकाच समुद्रातले, काही तर अगदी शेजारचे. हा वाद कोण बरोबर या प्रश्नापेक्षा मोठा निघाला, कारण दोघांचेही गृहीतक अपुरे होते. केंब्रिजच्या निकोलस शॅकलटन यांनी १९६७ मध्ये दाखवून दिले की समस्थानिकांतला फरक मुख्यतः तापमानाचा नसून बर्फाचा आहे. हलका ऑक्सिजन असलेली वाफ जमिनीवरच्या हिमस्तरांत अडकून पडते आणि समुद्रात जडचे प्रमाण वाढते. म्हणजे एमिलियानी यांच्या आलेखाने पृथ्वीवर बर्फ किती होते हे सांगितले, कॅरिबियनमध्ये पाणी किती गार होते हे नव्हे. आणि मेनार्डीने नेमके काय सांगितले, हा प्रश्न तसाच राहिला.

जॉन इम्ब्री यांना एका जातीवर भिस्त ठेवणेच चुकीचे वाटले. त्यांनी निल्वा किप यांच्यासह अटलांटिकच्या तळावरचे सर्वांत वरचे, म्हणजे आजचे नमुने घेतले, त्यांतल्या सगळ्या जातींची टक्केवारी एकत्र तपासली आणि उष्णकटिबंधीय, उपोष्ण, उपध्रुवीय, ध्रुवीय असे जातींचे समूह गणिताने वेगळे काढले. कोणत्या समूहाचे कोणत्या तापमानाशी नाते आहे, याची समीकरणे बसवून तीच जुन्या थरांना लावली. १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या कामाने कॅरिबियनमधली घट एमिलियानी यांच्या आकड्याहून बरीच कमी ठरवली.

या पद्धतीवर क्लायमॅप प्रकल्प उभा राहिला. अनेक विद्यापीठांच्या संशोधकांनी जगभरच्या गाभ्यांतून शेवटच्या हिमकालाच्या परमोच्च काळाचा थर शोधला. तेव्हाच्या कार्बन कालमापनानुसार हा काळ १८,००० वर्षांपूर्वीचा, आजच्या दुरुस्तीनुसार सुमारे २१,००० वर्षांपूर्वीचा. १९७६ मध्ये त्या काळातल्या ऑगस्ट महिन्याचा नकाशा प्रसिद्ध झाला. समुद्रपृष्ठाची सरासरी घट २.३ अंश निघाली. ही सरासरी दिशाभूल करणारी आहे, कारण बदल फार असमान होता. उत्तर अटलांटिकमध्ये ध्रुवीय पाण्याची हद्द थेट स्पेनच्या उत्तर किनाऱ्याच्या अक्षांशापर्यंत खाली आली होती. आज ब्रिटन-आयर्लंडच्या पश्चिमेला जेथे गल्फ स्ट्रीमचे ऊबदार पाणी वाहते, तेथे गाळात जवळजवळ केवळ डाव्या वळणाची पॅकिडर्मा आहे. तो प्रवाह ईशान्येला न वळता सरळ पूर्वेकडे जात होता.

त्याच वर्षी जेम्स हेज, इम्ब्री आणि शॅकलटन यांनी दक्षिण हिंदी महासागरातले दोन गाभे घेऊन सुमारे साडेचार लाख वर्षांचा हिशेब मांडला. ग्लोबिजेरिना बुलॉइडीज या जातीच्या कवचांतले समस्थानिक, रेडिओलॅरियांवरून काढलेले तापमान आणि सायक्लाडोफोरा डेव्हिसियाना या एकाच रेडिओलॅरियाचे प्रमाण, असे तीन आलेख त्यांनी तपासले. त्यांत सुमारे १,००,०००, ४२,००० आणि २३,००० वर्षांची आवर्तने आढळली. मिलुटिन मिलांकोविच यांनी पृथ्वीची कक्षा आणि अक्ष यांच्या बदलांवरून जो हिशेब केला होता, त्याच्याशी ती जुळली. हिमयुगांचा ठेका कोण धरतो, याचे उत्तर असे प्लवकांच्या कवचांतून मिळाले.

क्लायमॅपचा नकाशा मात्र उष्ण कटिबंधात लंगडा पडला. तेथले पाणी जवळजवळ बदललेच नाही, पॅसिफिकच्या काही भागांत तर ते आजच्याहून ऊबदार होते, असे नकाशा सांगत होता. उलट, उष्ण कटिबंधातल्या पर्वतांवरची हिमरेषा हिमकालात शेकडो मीटर खाली उतरल्याचे पुरावे होते आणि बार्बाडोसच्या जुन्या प्रवाळांतही मोठी घट दिसली. दोष फोरॅमिनिफेरांच्या स्वभावात होता. पाणी एका मर्यादेपेक्षा गरम असले की जातींच्या प्रमाणात फारसा फरक पडत नाही, त्यामुळे तेथली दोन-तीन अंशांची घट त्या नोंदवतच नाहीत. आजच्या कुठल्याच समुद्रात न आढळणारे जातींचे मिश्रण गाळात निघाले, तर आजच्या नमुन्यांवर बसवलेली समीकरणे निरुपयोगी ठरतात. १९७६चा नकाशा उत्तर अटलांटिकसाठी उत्तम आणि पॅसिफिकसाठी संशयास्पद, असे म्हणणे अन्यायाचे होणार नाही.

आता मेनार्डीकडे. हिंदी महासागरात ही जात हिमकालातही टिकून होती. नाहीशी झाली ती अटलांटिकमधूनच. एका मतानुसार तिचे परतणे आफ्रिकेच्या दक्षिण टोकावर अवलंबून आहे. हिंदी महासागराचे पाणी अगुलास प्रवाहातून भोवऱ्यांच्या रूपाने अटलांटिकमध्ये गळत असते. दक्षिणेकडचे थंड पाणी सरकून ही गळती आवळली गेली की वाट बंद होते, आणि हिमकाल संपताना ती जोरात सुरू झाली की हिंदी महासागरातल्या जाती पुन्हा अटलांटिकमध्ये रुजतात. हिमकालांच्या शेवटी अगुलासमधून आलेल्या प्लवकांचे प्रमाण वाढल्याचे केप टाउनजवळच्या गाळात दिसले आहे. दुसरे मत असे की मेनार्डी पृष्ठभागाखालच्या थरात राहते आणि त्या थराच्या पाण्यातले बदलच तिला भोवले. दोन्हींत वरच्या पाण्याच्या तापमानाला दुय्यम स्थान आहे. शॉट यांनी लावलेला अर्थ बरोबर ठरला, पण त्यांना वाटले त्या कारणाने नव्हे.

याहून उघड उदाहरण अरबी समुद्रातले आहे. बुलॉइडीज ही एरवी उपध्रुवीय, थंड पाण्यात भरभराटणारी जात. तरीही ओमान आणि सोमालियाच्या किनाऱ्यांलगतच्या गाळात तिची कवचे विपुल आहेत. जून ते सप्टेंबरमध्ये नैऋत्य मोसमी वारे किनाऱ्याला समांतर वाहतात, वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटले जाते आणि त्याच्या जागी खालचे गार, पोषकद्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. बुलॉइडीजला तेथे अन्नाची रेलचेल मिळते. वॉरेन प्रेल आणि विल्यम करी यांनी १९८१ मध्ये या जातीचे प्रमाण हे मोसमी वाऱ्यांच्या जोराचे माप म्हणून वापरता येते, असे मांडले.

हे नुसते अनुमान राहिले नाही. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि हॅम्बुर्ग विद्यापीठ यांनी १९८६ पासून अरबी समुद्राच्या पश्चिम, मध्य आणि पूर्व भागांत खोलवर सापळे टांगले. वर रुंद तोंडाचे नसराळे आणि खाली ठरावीक दिवसांनी आपोआप सरकणाऱ्या बाटल्या, अशी त्यांची रचना असते. कोणत्या पंधरवड्यात वरून काय पडले, ते बाटलीवार हाती येते. पश्चिमेकडच्या सापळ्यांत नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात कवचांचा वर्षाव कित्येक पटींनी वाढला आणि त्यात बुलॉइडीजचा वाटा मोठा होता. गाळातल्या टक्केवारीचा पावसाळ्याच्या वाऱ्यांशी असलेला संबंध असा थेट मोजला गेला.

या मापाने मागे पाहिले की चित्र उलटे दिसते. हिमकाल ऐन भरात असताना ही ‘थंड पाण्याची’ जात ओमानच्या किनाऱ्याजवळ घटली होती, कारण उन्हाळी मोसमी वारे दुबळे झाले होते. हिमकाल सरल्यावर, साधारण १०,००० ते ८,००० वर्षांपूर्वी, उत्तर गोलार्धातला उन्हाळा आजच्याहून प्रखर होता तेव्हा ती वाढली, आणि नंतर हळूहळू पुन्हा उतरली. अनिल गुप्ता आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवले की या उतरणीतले खोलगट टप्पे उत्तर अटलांटिकमधल्या गारठ्याच्या काळांशी जुळतात. ओमानजवळच्या आणखी जुन्या गाळात सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी बुलॉइडीज एकाएकी वाढलेली दिसते. त्याचा संबंध आधी हिमालय-तिबेटच्या उंचावण्याशी लावला गेला. पुढे जागतिक गारठ्यामुळे वारे बळावल्याचे स्पष्टीकरणही आले आणि मोसमी वाऱ्यांचा आरंभ याहून जुना असल्याचे पुरावेही.

हिमयुगांच्या आधीच्या काळात बदल याहून मोठे आहेत. सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी वातावरणात कार्बनची प्रचंड भर पडून पृथ्वी काही हजार वर्षांत ५ ते ६ अंशांनी तापली. ॲपेक्टोडिनियम हे एरवी उष्ण समुद्रात राहणारे डायनोफ्लॅजेलेट त्या थरात जगभर सापडते; २००४ मध्ये आर्क्टिकच्या तळातून काढलेल्या गाळातही ते निघाले. त्यानंतर दीर्घकाळ गारठा वाढत गेला. अंटार्क्टिकावर ३ कोटी ४० लाख वर्षांपूर्वी हिमस्तर जमला, त्याच सुमारास हँटकेनिना हा काटेरी कप्प्यांचा उष्ण पाण्यातला गट संपला. इटलीतल्या मासिन्यानो येथील खडकात त्याच्या शेवटच्या कवचांवरच इओसीन युगाचा अंत निश्चित केलेला आहे. अलीकडे गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांतल्या प्लवक फोरॅमिनिफेरांच्या पाच लाखांहून अधिक नोंदी ‘ट्रायटन’ नावाच्या संचात एकत्र झाल्या. २०२३ मध्ये त्यांच्या विश्लेषणातून दिसले की गेल्या ८० लाख वर्षांत गारठा वाढत गेला तसे हे जीवसमूह विषुववृत्ताकडे सरकत गेले.

औद्योगिक काळातली उष्णता हे सरकणे उलट दिशेने करीत आहे. २०१९ मध्ये सापळ्यांत पडलेले आजचे फोरॅमिनिफेरा आणि तळावरचे औद्योगिक काळापूर्वीचे नमुने यांची तुलना झाली, तेव्हा समूह बदललेले आढळले आणि बदलाची दिशा त्या-त्या ठिकाणच्या तापमानवाढीशी जुळली. डायटमांत हेच एका जातीने दाखवले. निओडेंटिक्युला सेमिनी ही उत्तर पॅसिफिकमधली जात उत्तर अटलांटिकच्या गाळात ८ लाख वर्षांपूर्वी संपलेली होती. १९९९ मध्ये ती लॅब्राडोर समुद्रात जिवंत सापडली. आर्क्टिकचे बर्फ विरळ झाल्याने पॅसिफिकचे पाणी कॅनडाच्या उत्तरेकडील बेटांमधून अटलांटिकमध्ये उतरू लागले, त्याच पाण्याबरोबर ती आली असे मानले जाते.